रानओव्याची दुसरी बाटली

प्रयोगशाळेत तिला सगळे काटाबाई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तराजूचा काटा कुणाचं तोंड बघून हलत नाही, तशी आपण, असा त्या नावाचा अर्थ तिने स्वतःपुरता लावून घेतला होता. पायात रुततो तोही काटाच, असं शेजारच्या टेबलावरचा बशीवाला अधूनमधून सुचवायचा. तो काचेच्या बश्यांमध्ये जंतू वाढवायचा, म्हणून तो बशीवाला.

दोघांचं काम वनौषधींच्या तेलांचं. खायची तेलं नव्हेत; पानं-फुलं वाफवून काढतात ती, एका थेंबाने खोली भरून टाकणारी. असं तेल दिसायला एक, पण आत पन्नास-साठ द्रव्यं एकत्र कुटुंबासारखी नांदत असतात. काटाबाई त्यातला सुईच्या टोकावर मावेल एवढा अंश यंत्रात सोडायची. आतल्या बारीक, लांबलचक नळीतून एकेक द्रव्य आपापल्या चालीने बाहेर पडायचं आणि पडद्यावर एकेक सुळका उभा राहायचा. सुळक्याच्या जागेवरून द्रव्य कोणतं ते कळायचं, आकारावरून किती ते. मग तेच तेल बशीवाल्याकडे. तो जंतू पसरलेल्या बशीत तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ किती रुंद झालं ते पट्टीने मोजायचा.

या दोन टेबलांवरून रोज कितीतरी गावांची तेलं जात. पण डोंगरातल्या एका गावातून रानओव्याचं तेल आलं की काटाबाईचा हात जरा हळू चाले. त्या गावची तेल काढायची भट्टी एक बाई चालवायच्या. गावभर त्यांना भट्टीवाल्या मावशी म्हणत. काटाबाई शिकत होती तेव्हा तीन आठवडे त्यांच्या घरी राहिली होती, त्यांच्या ताटातलं जेवली होती, त्यांच्या शेजारी अंथरूण घालून झोपली होती. त्या तेलातल्या जंतू मारणाऱ्या द्रव्याला थायमॉल म्हणतात हे मावशींना माहीत नव्हतं, पण भट्टीच्या नळीशी नाक नेऊन त्या सांगायच्या, "हे आधी येतं ना, ते पोरकट असतं. घाईघाईनं येतं आणि उडून जातं. जोर असलेलं मागून येतं. धीर सोडून भट्टी उतरवलीस तर जंतू मारणारं सगळं पाल्यातच राहून जाईल." पुढे पुस्तकात तिने तेच वाचलं, फक्त आकड्यांत.

त्या वर्षी हंगामाचं पहिलं तेल आलं तेव्हा प्रयोगशाळेला रंग देणं चाललं होतं. फ्रिज भिंतीपासून ओढून बंद करून ठेवला होता आणि यंत्राची नवी नळी यायची होती. नमुने दोन-दोन बाटल्यांत यायचे. एक तपासायची, दुसरी लाखेने बंद केलेली, वाद झालाच तर उघडायची. ती दुसरी बाटली तळघरातल्या थंड कोठीत गेली. पहिली काटाबाईने हातात घेतली. तेल सोन्याच्या पाण्यासारखं होतं. तपकिरी बाटलीत ते सोनं दिसेना, म्हणून तिने ते एका पांढऱ्या काचेच्या छोट्या बाटलीत ओतलं आणि आपल्या टेबलाजवळच्या खिडकीत ठेवलं. दोनच दिवसांचा प्रश्न होता. रोज सकाळी आल्यावर ती बूच काढायची, एक श्वास भरून घ्यायची आणि तीन आठवड्यांचं ते घर तिच्यासमोर उभं राहायचं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला उभा सोलला असता.

दोन दिवसांचे चोवीस झाले. नळी आली, यंत्र सुरू झालं, साठलेल्या नमुन्यांची रांग लागली. रानओव्याचा नमुना लावला तेव्हा सुळके बघून तिच्या कपाळाला आठी पडली. थायमॉल जिथल्या तिथे होता. पण गॅमा-टर्पिनीन नऊ टक्के असायला हवा तो तीनवर आला होता आणि पॅरा-सायमीन विसावरून सत्तावीसवर चढला होता. गॅमा-टर्पिनीन हा मोठा हळवा गडी. उजेड आणि वारा लागला की त्याचाच सायमीन होतो. म्हणून हे तेल विकत घेणाऱ्या साबण कारखान्याचा नियम होता, टर्पिनीन सहाच्या खाली गेला तर तेल जुनं समजायचं. जुनं तेल कातडीला चावतं. काटाबाईने लिहिलं, "ताज्या तेलात मागील हंगामाचं तेल मिसळल्याचं दिसतं."

बशीवाल्याने आपली बशी दाखवली. "वर्तुळ तर झकास आलंय."

"येणारच. थायमॉल शाबूत आहे."

"ते खरंच. सायमीन दार उघडून धरतो आणि थायमॉल आत शिरून जंतूचं घर लुटतो. दोघेही हजर आहेत. पण त्या बाईंनी आजवर असं कधी केलं नाही हो. दुसरी बाटली उघडून बघा ना एकदा."

"तुम्ही तुमचे जंतू मोजा," ती म्हणाली, "माझे सुळके मी बघते."

अहवाल वाचला गेला तो उत्पादक गटाच्या बैठकीत, गावच्या गोदामात, चाळीस माणसांसमोर. कारखान्याचे खरेदी अधिकारी खुर्चीवर, बाकीचे पोत्यांवर. काटाबाईने आकडे वाचले, त्यांचा अर्थ सांगितला. मावशी मागे बसल्या होत्या, त्या उभ्या राहिल्या.

"पुन्हा एकदा तपासून बघता येईल का?"

येत होतं. नियमच होता तसा. कुणी मागितलं की दुसरी बाटली उघडायची, एवढं साधं होतं ते. मावशींना तो नियम माहीत नव्हता, काटाबाईला होता.

"त्याची गरज नाही," ती म्हणाली.

"अगं, तू माझ्या घरी राहिलीस. मी जुनं मिसळीन असं तुला वाटतं?"

सगळ्यांच्या माना काटाबाईकडे वळल्या. अधिकारीही बघत होते. त्यांना वाटेल ही ओळखीपाळखी बघते, म्हणून तिने पाठ ताठ केली आणि म्हणाली, "मावशी, यंत्राला नाती कळत नाहीत. ताटात जेवलं म्हणून जुनं तेल ताजं होत नाही."

गोदामात हशा पिकला. अधिकारी तर मान मागे टाकून हसले. मावशी खाली बसल्या. परतताना गाडीत काटाबाईने ते वाक्य मनातल्या मनात दोनदा घोळवलं. चांगलं जमलं होतं, असं तिला वाटलं.

आठ दिवसांत भट्टीची किल्ली गटप्रमुखाच्या भाच्याकडे गेली.

पाच-सहा महिने गेले. कोठीतल्या बंद बाटल्या सहा महिन्यांनी टाकून देत. ती मुदत भरत आली तेव्हा नव्यानेच कामाला लागलेल्या दोन मुलींना शिकवायला काटाबाईला नमुना हवा होता. मिसळलेलं तेल कसं ओळखायचं, हे दाखवायला याहून चांगला नमुना कुठला? तिने लाख फोडली, जुन्या अहवालाचा कागद मुलींसमोर ठेवला आणि म्हणाली, "आता बघा, लबाडी कशी दिसते ती."

सुळके एकामागून एक उभे राहिले. गॅमा-टर्पिनीन नऊ. सायमीन वीस.

दोघींतली थोरली कागदाकडे बघत होती, मग पडद्याकडे. "मॅडम, हे तर चांगलं तेल आहे ना?"

काटाबाईने कागद उलटा केला. "यंत्र आज नीट चालत नाहीये," ती म्हणाली आणि पडदा बंद केला.

"पण सकाळीच तर तुम्ही यंत्र तपासलंत," मुलगी हळूच म्हणाली. हिशेब विचारायचा म्हणून नव्हे, तिला खरंच कळेना म्हणून.

काटाबाई हात धुवायला गेली. नळ सोडला आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. पांढरी बाटली, खिडकी, रोज सकाळचं ते बूच काढणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर आधीच येऊन थांबलं होतं. विचार करावा लागलाच नाही. तेल जुनं झालं होतं ते मावशींच्या घरी नव्हे, तिच्या टेबलाशी. कान इतके तापले की तिने ओले हात कानांवर धरले.

तरी तिने कुणाला सांगितलं नाही. आधी खात्री करायची, असं स्वतःला बजावलं. बंद बाटलीतलं उरलेलं तेल तिने तशाच पांढऱ्या बाटलीत अर्धं ओतलं, त्याच खिडकीत ठेवलं, आणि रोज सकाळी बूच काढू लागली. आता वास घ्यायचा धीर होत नव्हता. बूच काढायचं, दहा आकडे मोजायचे, लावायचं. सुळके बदलू नयेत असं आपल्याला वाटतंय की बदलावेत, हे तिचं तिलाच उमगेना. चोविसाव्या दिवशी तिने नमुना लावला. टर्पिनीन साडेतीन, सायमीन सव्वीस.

बशीवाल्याने न विचारताच त्या तेलाची बशी लावली होती. दुसऱ्या दिवशी त्याने ती तिच्या टेबलावर आणून ठेवली. वर्तुळ पहिल्याइतकंच रुंद. आणि तो आपल्या टेबलाकडे वळला. काही बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो शाळेत खेळ शिकवायचा. हरलेल्या पोरांची समजूत घालण्यात त्याची हयात गेली होती. "चूक माणसाकडूनच होते गं," तो म्हणाला. "सुधारून टाक."

"चुकीचं मला काही वाटत नाही रे. बाटली खिडकीत राहिली, राहिली. पण ते वाक्य? ते काही खिडकीत तापून झालं नव्हतं. ते माझं होतं, ताजं."

त्याने तिच्या ताटात वाढलं, ती जेवली नाही.

प्रयोगशाळेच्या साहेबांकडे ती गेली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन टेबलावर आडवं ठेवलं. "अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची. एक पत्र पाठवू. 'साठवणुकीतील परिस्थितीमुळे निष्कर्षांत तफावत संभवते.' खोटं काही नाही त्यात."

खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. आणि काटाबाईला काय वाटलं, तर सुटल्यासारखं. तिने तिथेच उभ्या उभ्या सही केली. जिन्यातून उतरताना पाय हलके झाले होते. त्या हलकेपणाची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटत राहिली.

पत्र गेलं. उत्तर आलं नाही. तीन आठवडे ती रोज टपालाच्या ट्रेमध्ये डोकावायची आणि काही नाही बघून तिला आधी हायसं वाटायचं, मग टोचणी लागायची. शेवटी एका सुट्टीच्या सकाळी ती उठली आणि बसने त्या गावाला गेली.

मावशींच्या सुनेने दार उघडलं. ओळखलं, पण हसली नाही. मावशी ओट्यावर बसून रानओव्याच्या जुड्या बांधत होत्या. दुसऱ्यांच्या मळ्यातला पाला होता तो, भाच्याच्या भट्टीवर जायचा. त्यांनी वर बघितलं.

"या मॅडम. बसा."

काटाबाईला वाटलं होतं, त्या रागावतील, रडतील, कदाचित दार लावून घेतील. या 'बसा'ची तयारी करून ती आली नव्हती. जिने तिला अगं-तुगं करून भट्टीपाशी बसवलं होतं, ती बाई आता तिला अहो-जाहो करत होती.

"मावशी, माझं पत्र मिळालं?"

"मिळालं. सूनबाईनं तीनदा वाचलं. तफावत संभवते म्हणजे काय हो? त्यात माझ्यावरचा आळ गेला की नाही, तेवढं सांगा."

मग तिने सांगितलं. पांढरी बाटली, खिडकी, बूच, बंद बाटलीतलं तेल, आणि मावशींनी विचारलं तेव्हाच नियमाप्रमाणे ती बाटली उघडता आली असती, तेही. बोलताना जुडीतल्या एका काडीकडे बघत राहिली. मावशींचे हात चालूच होते. सून दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"वास घ्यायला उघडत होतात?" मावशींनी विचारलं.

"हो."

"आणि मी मिसळलं म्हणालात."

"हो."

मावशींनी जुडीची गाठ आवळली. "तेल बिघडलं त्याचं काही नाही. तेल नासतं, दूध नासतं. पण चाळीस माणसांत तुम्ही माझं नाक कापलंत मॅडम. आणि माझं सगळं काम नाकावरच चालायचं. भाच्याला सांगायला गेले, आत्ता उतरवू नकोस, जोर मागून येतो, तर तो म्हणतो, मावशी, तुमच्या नाकाचा अहवाल आलाय की."

सून पटकन आत गेली. काटाबाईला 'माफ करा' म्हणायचं होतं, ते शब्द तिने बसमध्ये शंभरदा जुळवले होते.

"माफ करा," ती शेवटी म्हणाली.

"इथं ओट्यावर काय सांगता? इथं मी आणि सून. आम्हाला आधीच ठाऊक होतं. जिथं बोललात तिथं सांगा."

पुढची बैठक महिन्याने होती. काटाबाई साहेबांना न विचारता गेली. कागदावर दीड पान लिहून नेलं होतं. गोदाम तेच, माणसं थोडी कमी, अधिकाऱ्यांची खुर्ची रिकामी. पोती कुणाला किती, यावर तासभर वाद चालला. मग गटप्रमुख म्हणाले, "मॅडमना दोन शब्द बोलायचेत."

तिने कागद उघडला आणि पहिल्याच ओळीत 'साठवणुकीतील' हा शब्द दिसला. तिने कागदाची घडी केली.

"मागच्या हंगामात मी इथं सांगितलं, मावशींच्या तेलात जुनं मिसळलंय. ते खरं नव्हतं. तेल ताजं होतं. माझ्याकडे ते चोवीस दिवस उन्हात, पांढऱ्या बाटलीत राहिलं. मीच ठेवलं होतं. तिथं ते जुनं झालं."

"म्हणजे तेल चांगलं होतं?" पुढच्या पोत्यावरून एकाने विचारलं.

"चांगलं होतं."

"मग तेव्हा बाई पुन्हा तपासा म्हणत होत्या, ते का नाही तपासलं?"

तिने हातातला कागद आणखी एकदा दुमडला.

"माझी चूक असू शकते असं मला वाटलंच नाही," ती म्हणाली. "आणि मी वर विनोद केला. तो करायला नको होता."

भाचा नखं बघत होता. मावशी मागे, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर तिला काही वाचता आलं नाही. मग एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बरं. पुढचा विषय घ्या," आणि पुढचा विषय घेतला गेला. एवढंच. तिने वाटेत कल्पना केली होती की लोक चिडतील किंवा कौतुक करतील. दोन्ही झालं नाही. ती बाहेर येऊन बसथांब्यावर उभी राहिली.

साहेबांना दुसऱ्याच दिवशी कळलं. त्यांनी आवाज चढवला नाही, फक्त नव्या माणसांना शिकवायचं काम तिच्याकडून काढून घेतलं. ते काम सोडण्याआधी तिने त्या दोन मुलींना बोलावून सांगितलं, "त्या दिवशी यंत्र चांगलं चाललं होतं. मी खोटं बोलले." थोरली म्हणाली, "आम्हाला वाटलंच होतं, मॅडम," आणि दोघी खाली बघू लागल्या.

गावाकडे काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनी कळलं. भट्टी मावशींना परत मिळाली नाही, म्हणजे पुरती नाही. हंगामाचा पहिला निम्मा भाच्याचा, दुसरा मावशींचा, असं ठरलं. भाच्याने दोनदा पाला करपवला तेव्हा गटानेच मावशींना बोलावलं, असंही कुणी म्हणालं.

पुढच्या हंगामात, अर्धा हंगाम सरल्यावर, एका दुपारी मावशी स्वतःच प्रयोगशाळेत आल्या. पिशवीत फडक्यात गुंडाळलेली तपकिरी बाटली. बशीवाल्याने त्यांना आधी बघितलं आणि उगाचच बश्या धुवायला निघून गेला.

"माझ्यासमोर लावा," मावशी म्हणाल्या.

काटाबाईने त्यांना स्टूल दिलं. बूच उघडलं, सुईत तेल घेतलं, यंत्रात सोडलं. सगळं मिळून पन्नास मिनिटं लागतात. मावशी पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसल्या. काटाबाई त्यांच्या मागे उभी राहिली. चहा विचारला, त्या नको म्हणाल्या. बसमध्ये पोट ढवळतं.

एक लहानसा सुळका आला, मग एक मोठा, मग आणखी एक.

"हा कोण?" मावशींनी बोट न लावता दाखवलं.

"गॅमा-टर्पिनीन."

"तुमच्याकडून पळून गेला होता, तो?"

"हो."

"आज किती आहे?"

"नऊ टक्के. थोडा जास्तच."

मावशींनी मान हलवली. मग बराच वेळ काही आलं नाही आणि शेवटी थायमॉलचा सुळका चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला टेकला. मावशींनी त्याच्याबद्दल काही विचारलं नाही. तो येणार हे त्यांना माहीत होतं.

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "सही तुमची. आणि मराठीत लिहा, सूनबाईला एकदाच वाचावं लागेल असं."

काटाबाईने लिहिलं. एक ओळ वाकडी गेली, म्हणून तिने दुसरा कागद घेतला. मावशींनी तो वाचला, ओठ हलवत, शेवटपर्यंत, घडी घालून पिशवीत ठेवला.

ती त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. मावशींनी 'येऊ नका' म्हटलं नाही. बस आली. पायरी उंच होती, काटाबाईने हात पुढे केला. पण मावशींनी दांडा धरला आणि चढल्या. बस भरलेली होती. त्या आत कुठे बसल्या ते तिला बाहेरून दिसलं नाही.

तिच्या टेबलावर अजून सहा नमुने तपासायचे होते. ती जिना चढू लागली.